मिशनच्या घरात काम आणि सोबत जर्मन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जर्मनीत जाऊन शिकणं, नोकरी यावरचे प्रश्न तर नेहमीच येतात, पण हल्ली चर्चच्या संस्थांमध्ये वर्षभर व्हॉलंटियर म्हणून जाण्याबद्दल बरीच विचारणा होतेय. त्यातले तीन प्रश्न यावेळी घेतलेत.

प्रश्न : ताई, मी फोंड्याची, वय २२, बीए झालंय. ऑनलाइन क्लास लावून जर्मनची ए२ पातळी पूर्ण केली. जर्मनीत मिशनच्या वृद्धाश्रमात एक वर्ष व्हॉलंटियरिंग करता येतं, राहायला खोली मिळते, थोडे पैसे मिळतात आणि भाषाही पक्की होते असं कळलं. पण आई म्हणते मिशन म्हणजे बाटवतील, ती ऐकूनच घेत नाही. आणि इकडे एक एजंट सगळं करून देतो म्हणतोय, अडीच लाख मागतोय. काय करू?

उत्तर : एजंटला आजच नाही म्हणून सांग, बाकीचं सावकाश बोलू. तू ज्याबद्दल वाचलंस त्याला तिकडे एफएसजे म्हणतात, फ्रायविलिगेस सोत्सिआलेस यार, म्हणजे स्वेच्छेने करायचं सामाजिक कामाचं वर्ष. यासाठी जर्मनीत कायदा आहे. वयाची २७ वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू करावं लागतं, साधारण १२ महिन्यांचं असतं. यात पैसे तू द्यायचे नसतात, संस्थाच तुला महिन्याला पॉकेटमनी देते, तुझा हेल्थ इन्शुरन्स आणि बाकीचे सोशल इन्शुरन्सचे हप्ते भरते, आणि बऱ्याच ठिकाणी खोली आणि जेवण देते नाहीतर त्याबदली थोडे पैसे. पॉकेटमनीची वरची मर्यादा २०२५ साली ६४४ युरो होती, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरंच कमी हातात पडतं, तेव्हा घरी पैसे पाठवायचा विचार डोक्यात असेल तर आधीच काढून टाक. विमानाचं तिकीट, व्हिसाची ७५ युरो फी, परीक्षेची फी हा खर्च तुझा. ज्या कामाचे उलट आपल्यालाच पैसे मिळतात त्याच्या जागेसाठी अडीच लाख कशाला मोजायचे गं? अर्ज सरळ संस्थेला ईमेलने करता येतो, तुझं ए२ झालंय म्हणजे अर्जाचं पत्र तूच लिहू शकतेस, आणि ते तूच लिहिलेलं बरं कारण व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतात तेव्हा पत्रातली भाषा आणि बोलण्यातली भाषा जुळते का ते लगेच कळतं.

आता आईचं. आईला वेड्यात काढू नकोस, तिची भीती हवेतून आलेली नाही. फोंड्याची माणसं तुम्ही, मंगेशीचा देव १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला का आणावा लागला हे तुमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, आणि मिशन म्हटलं की आपल्याकडे पोर्तुगीजांच्या त्या बाटवाबाटवीच्या काळाची आठवण निघते, निघणारच. पण तू जिथे जायचं म्हणतेस त्या संस्थांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आईला शांतपणे सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कारखाने आले, गावं सोडून माणसं शहरात आली, पोरं रस्त्यावर आली, तेव्हा तिथल्याच चर्चच्या लोकांनी आपल्याच गरिबांसाठी घरं काढली. हाम्बुर्गला योहान हिनरिश विशर्नने १८३३ मध्ये मुलांसाठी असं घर काढलं आणि त्याने १८४८ मध्ये विटेनबर्गला जी हाक दिली त्यातून पुढे आजची डियाकोनी, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चची समाजसेवेची संस्था, उभी राहिली. कॅथलिकांची कारितास १८९७ ची. बर्लिनच्या स्टेशनवर १८९४ मध्ये पहिली बानहोफ्समिसिओन, म्हणजे स्टेशनवरचं मिशन, सुरू झाली, खेड्यातून कामाच्या शोधात येणाऱ्या मुली कुणाच्या जाळ्यात सापडू नयेत म्हणून, आणि आजही शंभराच्या आसपास स्टेशनांवर ते लोक चहा देतात, व्हीलचेअरवाल्याला गाडीत चढवून देतात, थंडीत बसायला जागा देतात. डियाकोनी-कारितासची ही घरं आज मुख्यतः केअर इन्शुरन्सच्या, म्हणजे देखभालीच्या विम्याच्या, आणि सरकारी पैशांवर चालतात, आत राहणाऱ्यांत कॅथलिक, प्रोटेस्टंट, मुसलमान, काहीच न मानणारे असे सगळे असतात आणि व्हॉलंटियरही कुठल्याही धर्माचे घेतात.

तरी धर्माचा तिथे संबंधच नाही असं मात्र मी सांगणार नाही. अशा बऱ्याच घरांत छोटं चॅपल असतं, सकाळी किंवा आठवड्यातून एकदा प्रार्थना होते, डिसेंबरभर ख्रिसमसची तयारी चालते, आणि एखाद्या आजीला व्हीलचेअरवरून चॅपलपर्यंत न्यायचं काम तुझ्याकडे येईल. तिथे शेजारी शांत बसायला तुला जड जाणार असेल तर दुसरी संस्था बघ, रेड क्रॉस आणि आर्बायटर-वोलफार्टसारख्या चर्चच्या नसलेल्या संस्थाही हेच वर्ष देतात. पण म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला रांगेत हिंदू किती असतात ते आईलाही माहीत असेल, तिला त्याची आठवण करून दे. आणि मुलाखतीत स्पष्ट विचार की प्रार्थनेत भाग घेणं सक्तीचं आहे का, तो प्रश्न तिथे कुणाला उद्धट वाटत नाही, आणि ते काय म्हणाले ते आईला सांग.

यापेक्षा मला तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तू लिहिलंस भाषा पक्की होते. होते, नक्की होते, पण ज्यांच्या तोंडून तू ती शिकणार ती माणसं म्हातारी आणि आजारी आहेत, त्यांना सकाळी कुणीतरी उठवायला हवं असतं, त्यासाठी तुला बोलावलंय. मी स्वतः अशाच एका घरात वर्ष काढलंय म्हणून सांगते. सकाळची ड्यूटी सहा-साडेसहाला सुरू होते, जानेवारीत तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. पहिल्यांदा युबरगाबे, म्हणजे रात्रपाळीवाली नर्स सगळ्यांची खबर देते, कोण झोपलं नाही, कोणाला ताप, कोणी पाणी कमी प्यायलं, आणि हे सगळं ती इतकं भराभर आणि अर्धवट वाक्यात बोलते की क्लासमधलं ए२ तिथे पार गळून पडतं. मग नाश्ता. ब्रेडच्या कडा काढायच्या, बोटभर चौकोनी तुकडे करायचे, ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या चहात पावडर घालून तो दाट करायचा आणि चमच्याने भरवायचा, घाई करायची नाही, घोट खाली गेला का ते गळ्याकडे बघून मगच दुसरा चमचा. हे करताना तुला बोलावं लागतं. त्या आजीला कळायला हवं की आता काय होणार आहे, आता तोंड उघडा, आता पाय उचला, पाणी गार आहे का, आणि हे तू दिवसात इतक्या वेळा म्हणतेस की ती वाक्यं तोंडात बसूनच जातात. क्लासमध्ये चुकलं की मार्क जातात, इथे चुकलं तर समोरचं माणूस घाबरतं, म्हणून आपण नीट शिकतो. आणि म्हाताऱ्यांना वेळ असतो ना, ते एकच गोष्ट चारदा सांगतात, ज्यांची भाषा अजून कच्ची आहे त्यांच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. फक्त सगळ्यांना झी म्हणायचं, म्हणजे आपलं अहो-जाहो. आजी कितीही लाडाने बोलल्या तरी त्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय डू म्हणायचं नाही.

म्हणून सल्ला असा की जायच्या आधी बी१, म्हणजे ए२ च्या पुढची पातळी, कर. काही संस्था ए२ वर घेतात, पण बी१ घेऊन गेलीस तर पहिले दोन महिने नुसतं मान हलवण्यात जाणार नाहीत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्याचं मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथेचंच तिथलं केंद्र, आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचं. सरावाला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ऑनलाइन कोर्स आहे, बी१ पर्यंतचा, पूर्ण फुकट. आणि दक्षिणेकडे बायर्न किंवा श्वाबेनमध्ये जागा मिळाली तर तिथल्या म्हाताऱ्यांची बोली पहिले काही आठवडे कळणारच नाही, रडू नकोस, पुन्हा सांगा म्हणून विचारत राहा.

बहुतेक जागा ऑगस्ट किंवा सप्टेंबरपासून सुरू होतात, म्हणजे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास निघायला हवेत, कारण करार हातात आल्यावर व्हिसाला काही महिने जातात. गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतो. करारात कामाचे तास, रजा, पॉकेटमनी, खोली सगळं लिहिलेलं असतं, आणि वर्षाला २५ दिवस सेमिनारचे असतात ते कामाच्याच वेळात धरतात. त्या सेमिनारला जर्मन मुलंमुलीही असतात, तिथे मैत्री होते आणि बोलीभाषा सगळ्यात जास्त तिथे सुधारते, ते दिवस बुडवू नकोस.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही सासष्टीतले कॅथलिक. मुलगा १९ वर्षांचा, त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तो जर्मनीत कॅथलिक संस्थेत असं वर्ष करायचं म्हणतो आणि नंतर तिथेच नर्सिंग शिकायचं. त्याला व्हिसा लागेल का? आणि तिथे चर्चचा टॅक्स द्यावा लागतो म्हणतात ते खरं का?

उत्तर : पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे तो युरोपियन युनियनचा नागरिक, त्यामुळे व्हिसा नको, कामाची परवानगी नको, कारितासच्या जागेवर तो सरळ अर्ज करून जाऊ शकतो. पण व्हिसा लागत नाही म्हणून भाषेशिवाय पाठवू नका, ही चूक आपल्याकडे फार होते, पोरगं पोचतं आणि मग बोलता येत नाही म्हणून किचनमध्ये भांडी घासण्यापलीकडे त्याला काही देता येत नाही. नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं आहे, शिकताना महिन्याला हजार युरोच्या वर पगार मिळतो, पण शाळेतले धडे आणि परीक्षा सगळं जर्मनमध्ये, त्यासाठी बी१ तरी हवंच आणि खरं तर बी२ हवं. आधी एक वर्ष एफएसजे करायचा त्याचा विचार मला एकदम बरोबर वाटतो. हे काम आपल्याला झेपतं का हे त्या वर्षात कळतं आणि भाषा तयार होते, पुष्कळदा तीच संस्था पुढे शिकायलाही घेते.

चर्च टॅक्सचं खरं आहे. तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या फॉर्मवर धर्म विचारतात. त्याने रोमन कॅथलिक लिहिलं की पुढे पगारावर जो इन्कम टॅक्स बसेल त्याच्या ८ किंवा ९ टक्के चर्चला जातात, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९. व्हॉलंटियरच्या पॉकेटमनीवर इन्कम टॅक्सच नाही म्हणून त्या वर्षी काही जाणार नाही, शिकताना पण फारसं नाही, पूर्ण पगार सुरू झाला की जाईल. टॅक्स वाचवायला तिथे धर्माचा रकाना मोकळा सोडा असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. मी तो सल्ला देणार नाही. सरकारी कागदावर खोटं लिहू नये आणि ज्या चर्चच्या घरात तो शिकणार आहे तिथे असं वागणं बरं दिसत नाही. फक्त रकाना काय आहे हे त्याला आधी ठाऊक असू द्या.

प्रश्न : ताई, मी डिचोलीची, वय ३४, शिक्षण सगळं मराठीतून, इंग्रजी जेमतेम. सासूबाईंची सेवा पाच वर्षं केली, त्या गेल्या वर्षी गेल्या. मला हे काम येतं आणि आवडतं. नवरा पण जा म्हणतो. या वयात जमेल का, आणि इंग्रजी नसताना जर्मन येईल का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. एफएसजे तुम्हाला मिळणार नाही, पण बीएफडी नावाचं दुसरं आहे, बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट. तिकडची सक्तीची लष्करी भरती थांबली तेव्हा २०११ मध्ये ते सुरू झालं आणि त्याला वयाची वरची अट नाही, साठीतले लोकही करतात. काम तेच, घरंही तीच. परदेशातून जाणाऱ्याने पूर्ण वेळाची जागा घ्यावी म्हणजे खोली आणि खर्च त्यातून भागतो. व्हिसाच्या वेळी या वयात हे का करताय असं नक्की विचारतील, तेव्हा सासूबाईंचं जे मला लिहिलंत तेच सांगा, आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडून घरच्या सेवेबद्दल दोन ओळींचं पत्र मिळालं तर अर्जाला जोडा.

इंग्रजीचं अजिबात मनावर घेऊ नका, मी शिकवते म्हणून अनुभवाने सांगते, इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकणारे बरेचदा तिथेच अडकतात. वस्तूंना तीन लिंगं असतात हे इंग्रजीवाल्याला नवीन वाटतं, आपल्याला नाही, आपण टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो म्हणतच मोठे झालो. कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठ करावं लागतं, पण कल्पना ओळखीची. मुख्य वाक्याला जोडलेल्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याकडे जातंच. मराठीतून समजावणारी शिक्षिका शोधा, पुण्यात आणि ऑनलाइन आहेत, आणि ए१ च्या पहिल्या महिन्यातच शरीराच्या अवयवांचे, कपड्यांचे, खाण्याच्या जिनसांचे शब्द घ्या, पुस्तकात ते उशिरा येतात पण तुम्हाला कामाला आधी तेच लागणार. रोज तासभर दिलात तर बी१ ला साधारण दीड-दोन वर्षं धरा. संध्याकाळी सहाला तिकडे थंड ब्रेड आणि चीज एवढंच जेवण असतं, शीत-कडीची सवय असलेल्याला ते जड जातं, कोकम आणि थोडं तिरफळ बरोबर घेऊन जा. आणि अर्ज करायच्या आधी दोन-तीन महिने जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात जाऊन काम करा, परक्या माणसाला अंघोळ घालणं हे सासूबाईंना घालण्यासारखं नसतं, ते तिथेच कळेल, आणि तिथलं प्रमाणपत्र मिळालं तर जर्मन संस्था त्याला वजन देतात.