बटण चालेना म्हणून लाईन बदलायची का?

प्रश्न: सर, मी नांदेडला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या किराणा दुकानासाठी जावास्क्रिप्टमध्ये बिल काढायचं पेज केलंय, मिनी प्रोजेक्ट म्हणून. एकाच फाइलमध्ये होतं तोवर चालत होतं. मॅडम म्हणाल्या फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये टाक, मॉड्यूल कर. तेव्हापासून बटण दाबलं की एरर येते, 'बिलकाढा इज नॉट डिफाइंड' (बिलकाढा हे माझ्या फंक्शनचं नाव). एक्सपोर्ट पण लिहिलंय. मैत्रिणी रिअ‍ॅक्टवर (जावास्क्रिप्टचीच लायब्ररी) गेल्या आणि मला साधं बटण जमत नाहीये. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. कोडिंग माझं काम नाही का?

उत्तर: अगं, आधी एरर बघू मग करिअर, कारण तुझं करिअर सध्या त्या एररमध्येच अडकलंय.

तुझं फंक्शन बरोबर असणार, नाहीतर आधी चाललं नसतं. बदललंय ते त्याचं राहायचं ठिकाण. साधी स्क्रिप्ट म्हणजे जुना वाडा, अंगण सगळ्यांचं, कुणीही कुणालाही हाक मारावी. मॉड्यूल म्हणजे फ्लॅट, दार बंद. आणि बटणावरचं ते ऑनक्लिक (दाबल्यावर काय चालवायचं ते सांगणारं) अजून अंगणात, म्हणजे ग्लोबल स्कोपमध्ये (स्कोप म्हणजे कुठलं नाव कुठून दिसतं ते) उभं राहून हाका मारतंय, तिथे बिलकाढा नाहीच्चे. एक्सपोर्ट लिहिलं म्हणून फंक्शन पेजला दिसायला लागत नाही, ते फक्त दुसऱ्या मॉड्यूलला इम्पोर्ट करता येतं एवढंच. इथे फार जण फसतात.

मग करायचं काय, तर एचटीएमएलमधलं ऑनक्लिक काढून टाक, बटणाला एक आयडी दे, मेन फाइलमध्ये बिलकाढा इम्पोर्ट कर आणि तिथेच गेट-एलिमेंट-बाय-आयडीने बटण पकडून अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर लाव, म्हणजे दाबल्यावर बिलकाढा चालव असं तिथूनच सांग. मॉड्यूल मुळातच एचटीएमएल वाचून झाल्यावर चालतं त्यामुळे स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये असला तरी बटण सापडतं. विंडोला, म्हणजे त्या अंगणालाच, फंक्शन चिकटवायचा शॉर्टकट पण आहे, विंडो डॉट बिलकाढा इक्वल टू बिलकाढा, उद्या सबमिशन असेल तर कर बापडी, पण मग मॉड्यूल कशाला केलं असं एक्स्टर्नल परीक्षकाने विचारलं तर उत्तर तयार ठेव.

आता एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. फाइल डबल-क्लिक करून उघडतेस का? तसं असेल तर क्रोम मॉड्यूल लोडच करत नाही, कन्सोलमध्ये (ब्राउझर एरर दाखवतो ती जागा) सीओआरएसची, म्हणजे ब्राउझरच्या सुरक्षा नियमाची, लाल ओळ येते, आणि मग बटण दाबल्यावर येणारं 'नॉट डिफाइंड' हे नुसतं त्याचं शेपूट असतं. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाईव्ह सर्व्हर वापर, ते पेज सर्व्हरवरून उघडतं. आणि इम्पोर्टच्या पाथमध्ये पुढे डॉट-स्लॅश आणि शेवटी डॉट जेएस हवंच, ब्राउझर स्वतःहून काही जोडत नाही. तुझ्या रिअ‍ॅक्टवाल्या मैत्रिणींना डॉट जेएस लिहावं लागत नाही कारण त्यांचं टूल मागच्या मागे फाइल शोधून देतं, विचारून बघ त्यांना, बहुतेकींना माहीत नसेल!

थोडक्यात, कन्सोलमधली सगळ्यात वरची लाल ओळ आधी वाचायची. तू शेवटची वाचतेयस असं मला वाटतं.

आणि गोंधळ तुझ्या डोक्यात नाहीये, तो जावास्क्रिप्टच्या इतिहासातच आहे. भाषा 1995 ची, मॉड्यूल स्टँडर्डमध्ये आले 2015 ला, ब्राउझरमध्ये नीट चालायला 2017-18 उजाडलं. आपली नोट्स, यूट्यूब आणि लॅब मॅन्युअल यात दोन्ही जमाने एकत्र शिकवतात, ऑनक्लिक जुन्यातलं आणि मॉड्यूल नव्यातलं, आणि पोरांना वाटतं आपल्यालाच कळत नाही.

आता घरच्यांचं. बँकेचा विचार वाईट नाहीये, पण घाई कशाची? आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या, पीओ (ऑफिसर), क्लार्कला कुठलीही डिग्री चालते पण ती हातात लागते, तुझी अजून व्हायचीय. बीसीए संपल्यावरही तो रस्ता उघडाच असतो. एमसीए करायचं असेल तर राज्याची सीईटी आहे. म्हणजे आत्ता काही सोडायची गरज नाही, आणि एका एररवरून तर मुळीच नाही. बाबांना एवढं सांग की डिग्री होऊ दे, शेवटच्या वर्षी परत बसून ठरवू. तुला खरंच कोड लिहायचा कंटाळा येत असेल तर गोष्ट वेगळी, पण कंटाळा आलेली मुलगी फंक्शन का सापडत नाही म्हणून पत्र लिहीत बसत नाही.

फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत स्कोप हमखास विचारतात. बाकीचे पाठ केलेली व्याख्या म्हणतील, तू हा बटणाचा किस्सा सांग, काय तुटलं, का तुटलं, कसं जोडलं. रिअ‍ॅक्ट नंतर शीक, तिथे प्रत्येक फाइल मॉड्यूलच असते.

हां आणि बटण चाललं की पुढे बिलाच्या बेरजेत अडकशील. 0.1 अधिक 0.2 करून बघ, 0.30000000000000004 येईल. किमती पैशांत पूर्णांक म्हणून ठेव, दाखवताना शंभरने भाग.