सोशल मीडियावर लेखकांशी ओळखी होतात कशा? टीवायच्या एका मुलीला उत्तर

तुझं पत्र मिळालं. टीवायबीए, विषय मराठी, राहायला डोंबिवली, कॉलेज दादरला. दीड वर्ष इन्स्टावर कथा-कविता टाकतेयस, मैत्रिणींचे लाइक्स येतात पण लिहिणारं कोणी बोलत नाही, चार-पाच नावाजलेल्या लेखकांना मेसेज केले त्यातल्या एकाचंही उत्तर नाही, आणि आई म्हणते मोबाइल ठेव आणि बँकेच्या परीक्षेला लाग. तुझा प्रश्न असा की लेखकांशी ओळखी होतात कशा आणि त्याचा करिअरला खरंच उपयोग होतो का.

होतो, नक्की होतो. पण तू सुरुवात चुकीच्या टोकापासून केलीयस असं मला वाटतं.

तू पाठवलेला मेसेज पत्रात कॉपी करून दिलायस ते बरं केलंस. "नमस्कार सर, मी तुमची खूप मोठी फॅन आहे, मी पण लिहिते, माझ्या कविता वाचून प्लीज अभिप्राय द्या, लिंक बायोमध्ये आहे." आता तूच बघ, यात त्यांच्या कुठल्या कथेबद्दल, कुठल्या ओळीबद्दल एक शब्द नाहीये, आहे ते फक्त काम, तेसुद्धा अनोळखी माणसाला सांगितलेलं. शिवाय तू ज्यांना फॉलो करतेस पण जे तुला करत नाहीत त्यांच्याकडे तुझा मेसेज बहुतेक वेळा रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो, आणि ती रिक्वेस्ट ते स्वीकारत नाहीत तोवर तुला 'सीन' दिसतच नाही. म्हणजे त्यांनी वाचून दुर्लक्ष केलं असं धरून मनाला लावून घेऊ नकोस, कदाचित तो उघडलाच गेला नसेल.

आधी तुझ्या बरोबरीचे शोध. तुझ्यासारखेच नुकते लिहायला लागलेले पाच-सहा जण पुरे. मराठीतलं मोठं लेखन, कथा, ललित, पुस्तकांवरच्या चर्चा हे अजूनही फेसबुकवर जास्त चालतं, तुझ्या वयाची मुलं तिथे फारशी जात नाहीत पण तू जा, एक्सवर 280 अक्षरांत कथेवर काय बोलणार आणि इन्स्टावर फोटो आणि रील्स पुढे सरकतात, लेखन मागे राहतं. या लोकांचं लिखाण वाच, आणि वाचलंस हे त्यांना कळेल अशी कमेंट कर.

म्हणजे कशी ते सांगते. समज कोणी लोकलमधल्या लेडीज डब्यावर एक कथा टाकलीय, त्यात एक बाई खिडकीशी मटार सोलत बसलीय. खाली तीस जणांनी लिहिलंय "वा, अप्रतिम", "खूप छान ताई". तू लिही, "मटार सोलणारी बाई आता बोलेल असं वाटत होतं, पण ती दाणे डब्यात भरून घाटकोपरला उतरून जाते, तिथे मी परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं. तिच्या नवऱ्याबद्दलचा परिच्छेद नसता तरी मला ती कळली असती." बास, एवढंच. स्तुती आहे, एक मतभेद आहे, आणि दोन्ही नेमके आहेत. अशा कमेंटला लिहिणारा माणूस उत्तर देतोच देतो, तीस "छान छान"मधून त्याला तीच लक्षात राहते, आणि मग तो तुझ्या पानावर येऊन तुझं वाचतो, तू न सांगता. खाली स्वतःची लिंक मात्र टाकायची नाही. हे आठवड्यातून तीन-चार वेळा मनापासून केलंस तर काही महिन्यांत एकमेकांचे कच्चे खर्डे वाचणारी चार माणसं तुझ्याकडे असतील, आणि लिहायला शिकायचं तर याहून मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

करिअरचं म्हणशील तर मुंबईत मराठी लिहिणाऱ्यांना कामं आहेत, जाहिरातींची कॉपी, डबिंगसाठी भाषांतर, सबटायटल, ऑडिओ, मालिकांचे संवाद, पण यातली कितीतरी कामं जाहिरात देऊन निघतच नाहीत. कोणीतरी कोणालातरी विचारतं, "मराठी नीट लिहिणारं, वेळेत देणारं कोणी आहे का रे?" तेव्हा ज्याने तुझं लिखाण वाचलंय त्याच्या तोंडी तुझं नाव येतं, तिथे फॉलोअर्स कोणी मोजत नाही. दिवाळी अंकांचंही तसंच. 'मनोरंजन' मासिकाने 1909 मध्ये सुरू केलेली ही परंपरा अजून जोरात आहे, पण अंक दिवाळीला आला तरी साहित्य मागवतात पावसाळ्यात किंवा त्याआधी, आणि ती आवाहनं संपादक हल्ली फेसबुकवर टाकतात. ओळखीत चार लिहिणारे असले की ती तुझ्यापर्यंत वेळेत पोचतात. आणि एक लक्षात ठेव, बऱ्याच अंकांना अप्रकाशित साहित्य लागतं, इन्स्टावर टाकलेली कथा त्यांच्या लेखी छापून झाली. सगळ्यात चांगली कथा टाकू नकोस, राखून ठेव.

चोरीची भीती लिहिलीयस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तू लिहिलंस त्या क्षणी हक्क तुझा होतो, नोंदणी सक्तीची नाही, पोस्ट केल्याने तो जात नाही. पण नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं, लिहिलेल्या मजकुराला असतं, म्हणून मालिकेची अख्खी गोष्ट कोणाच्या इनबॉक्समध्ये सांगत बसू नकोस. पुढे स्क्रिप्ट लिहिलीस तर अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद हो, तिथे स्क्रिप्टची ऑनलाइन नोंदणी होते.

दोन ठिकाणी सांभाळ. "प्रातिनिधिक कवितासंग्रहात तुमची कविता निवडली गेलीय, सहभाग शुल्क भरा, मानपत्र मिळेल" असे मेसेज येतील, एक रुपया देऊ नकोस. त्याने आनंद होतो तेवढाच, कामाच्या ठिकाणी त्याला कोणी विचारत नाही, आणि नवीन मुलांच्या हौसेवर असे पैसे काढतात याचा मला मनापासून राग येतो. दुसरं, कविता सुधारून देतो म्हणून रात्री फोनवर बोलू म्हणणारे. कविता कमेंटमध्येही सुधारता येते. नाही म्हणायचं, ब्लॉक करायचं, आणि आपल्या चार जणांना सांगून ठेवायचं. भेटायचंच तर सगळ्यांनी मिळून एखाद्या कार्यक्रमाला भेटा, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं, गिरगावात साहित्य संघ आहे, आणि ऑनलाइन ओळखलेली माणसं शेजारी बसून एकच कविता ऐकतात तेव्हा ओळख पक्की होते.

मोठ्या लेखकांना नंतर लिही, त्यांच्या एका कथेबद्दल, चार ओळी, काहीही न मागता.

आता आई. त्यांचं म्हणणं चूक नाहीये गं. मराठीत फक्त लिहून घर चालवणारे थोडे आहेत, नोकरी करून लिहिणारेच जास्त. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेला पदवी आणि 20 ते 28 वय लागतं आणि राज्याची भाषा यावी लागते, जी तुला येतेच. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना असतो, म्हणजे दोन्हीकडे तुझ्या हातात वर्षं आहेत. आईंना सांग की परीक्षा देते, फॉर्म निघाला की भरते, आणि मोबाइलवरचा हा वाचायचा-लिहायचा अर्धा तास लोकलमध्ये जाता-येता करते. बसायला जागा मिळाली तर.