वाचकांचे प्रश्न : किडे नेमके राहतात कुठे?

प्रश्न : अंटार्क्टिकावर कीटक आहेत का? मुलगा म्हणतो, एकही नाही. मला वाटतं, पेंग्विनच्या पिसांत उवा तरी असतीलच. कोणाचं बरोबर?

तुमचं. पेंग्विनच्या पिसांत उवा असतात, सीलच्या केसांतही असतात. पण त्यांना यजमानाच्या अंगाची ऊब मिळते. मला त्यांच्याहून जास्त कौतुक आहे ते तिथल्याच जमिनीत जन्मून तिथेच मरणाऱ्या एका चिलटाचं. त्याचं नाव बेल्जिका अंटार्क्टिका. यातलं बेल्जिका हे १८९७ ते १८९९ या काळात तिकडे गेलेल्या बेल्जियन मोहिमेच्या जहाजाचं नाव. हे चिलट काळं आणि २ ते ६ मिलिमीटर लांबीचं असतं आणि त्याला पंखच नसतात. एवढ्याशा अंगाचं असूनही अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा तो सर्वांत मोठा मूळ रहिवासी आहे. पेंग्विन आणि सील यांचं पोट समुद्रावर चालतं, म्हणून ते या हिशेबात धरत नाहीत.

त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य अळीच्या रूपात जातं, सुमारे २ वर्षं. शेवाळाच्या गादीत, ओल्या मातीत, पेंग्विनच्या वसाहतीजवळच्या विष्ठेत या अळ्या सापडतात. हिवाळ्यात वर हवा भयंकर थंड असते, पण जाड बर्फाखालची माती शून्याच्या थोडीच खाली राहते. अळी जगते ती त्या मातीत. वरच्या उघड्या हवेत ती टिकणार नाही.

चिलटांच्या अळ्या मी भिंगाखाली पुष्कळ पाहिल्या आहेत. पाणी आटलं की त्या बघता बघता मरतात. बेल्जिकाच्या अळीच्या अंगातलं मात्र ७० टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तरी ती जिवंत राहते. कातडीला सुरकुत्या पडतात, अंग आक्रसून जातं, आणि ओल लागली की पुन्हा भरून येतं. हे कोरडं होणं तिला थंडीतही उपयोगी पडतं, कारण पाणी कमी झालं की उरलेला द्रव घट्ट होतो आणि सहजासहजी गोठत नाही. प्रौढ चिलट जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं.

तुमच्या मुलाला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. १९६०च्या दशकात सिग्नी नावाच्या अंटार्क्टिक बेटावर प्रयोगासाठी बाहेरून झाडं नेली होती. त्यांच्याबरोबर दक्षिण जॉर्जिया बेटावरचं एक वेगळंच चिलट तिथे पोचलं असावं. आज ते त्या बेटावर पसरलं आहे. तिथे जाणाऱ्यांना बुटांचे तळवे घासून धुवायला लावतात ते याच धास्तीने, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

प्रश्न : जमिनीवर जिकडे तिकडे किडे, मग समुद्रात का नाहीत?

अगदी नाहीत असं नाही, पण फार थोडे आहेत हे खरं. कारणांवर अभ्यासकांचं एकमत नाही. कीटक समुद्राकडे वळण्याआधीच खेकडे-झिंग्यांच्या कुळाने तिथली जागा अडवली होती, हे मला त्यातल्या त्यात पटतं.

खुल्या महासागरात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, आयुष्य काढणारे किडे आहेत ते हॅलोबेटीस कुळातले. तळ्याच्या पाण्यावर तुरुतुरु पळणारे लांब पायांचे किडे तुम्ही पाहिले असतील, त्यांचेच हे भाऊबंद. या कुळाच्या बहुतेक जाती किनाऱ्यालगत राहतात, पण ५ जाती खोल समुद्रावरच्या आहेत. त्यांना पंख नसतात. अंगभर इतके दाट आणि बारीक केस असतात की लाटेखाली गेलं तरी त्यांत हवा अडकून राहते आणि किडा पुन्हा वर येतो. अडचण असते अंड्यांची. ती चिकटवायला काहीतरी तरंगतं लागतं, मग पक्ष्याचं पीस असो की ज्वालामुखीचा हलका दगड. आता त्यात प्लॅस्टिकच्या तुकड्यांची भर पडली आहे. २०१२ साली उत्तर प्रशांत महासागरातल्या अभ्यासात दिसलं, की असे तुकडे वाढले तशी या किड्यांची अंडीही वाढली. ही बातमी आनंदाची मानायला माझं मन तयार नाही.

आणि हो, एलिफंट सील हजार मीटरच्याही खाली बुडी मारतो, तेव्हा त्याच्या अंगावरची ऊसुद्धा त्याच्याबरोबर तेवढं खोल जाऊन येते.

प्रश्न : मी जगातल्या कीटकांची वही करतो आहे. ‘आढळ’ या रकान्यात देशाचं किंवा प्रदेशाचं नाव लिहिलं तर पुरे ना?

माझ्या मते नाही. ‘सहारा’ असं लिहून रुपेरी मुंगीबद्दल काय कळतं? ती दिवसातला बहुतेक वेळ वाळूखाली असते. भर दुपारी, सरडे उन्हाला कंटाळून बिळात शिरले की मिनिटं मोजावीत एवढाच वेळ बाहेर येते, उन्हाने मेलेले किडे उचलते आणि पळते. अंगाचं तापमान ५३ अंशांच्या पुढे गेलं तर तीही मरेल. तिच्या अंगावरचे केस आडव्या छेदात त्रिकोणी असतात. ऊन परतवणं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकणं ही दोन्ही कामं ते करतात, हे २०१५ साली दाखवून दिलं गेलं. म्हणून रकान्यात वेळही लिहा.

दुसरं उदाहरण लॉर्ड हाव बेटावरच्या काडीकिड्याचं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या या बेटावर १९१८ साली एक जहाज अडकलं, उंदीर उतरले, आणि काही वर्षांतच हा काळा, जाडजूड, बिनपंखी किडा संपला असं सगळ्यांनी धरलं. २००१ साली सुमारे २० किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उभ्या सुळक्यावर शोध घेणाऱ्यांना एका झुडपाखाली ताज्या, मोठ्या लेंड्या दिसल्या. हा किडा रात्री हिंडतो म्हणून ते अंधारात टॉर्च घेऊन पुन्हा वर चढले. सगळे मिळून २४ किडे भेटले. २००३ साली तिथून २ जोड्या आणल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची वीण वाढली, आणि २०१९ साली मूळ बेटावर उंदीर संपवण्याची मोठी मोहीमही झाली.

या किड्यापुढे ‘आढळ : ऑस्ट्रेलिया’ लिहिलंत तर चूक कोणी काढणार नाही. तरी सुळक्याचं नाव लिहा, झुडपाचं लिहा (ते मेलाल्युका होतं), आणि रात्र हेही लिहा. रकाना अपुरा पडला तर वहीचं पान आडवं धरा.