दिवसा वीज स्वस्त, पण कुणाला?

प्रश्न : आम्ही बेळगावला, नणंद चंदगडला. ती मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारीच लावते, बिल कमी येतं म्हणते. आम्हीही वेळा बदलाव्यात का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : बिलासाठी सध्या तरी नको. चंदगडला महावितरणची वीज. तिथे जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सूट मिळते. सुरुवात युनिटमागे 80 पैशांनी झाली. त्या दराने रोज दोन युनिटांचं काम दुपारी ढकललं तर महिन्याला 48 रुपये वाचतात. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते, म्हणून ती दुपारी लावणं योग्यच. गिझरचं तसं नाही. दुपारी तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत निवतं आणि पुन्हा बटण दाबावं लागतं. इन्व्हर्टर दुपारी चार्ज करून रात्री वापरण्याच्या फंदात तर पडूच नये. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरीची झीज सूट खाऊन टाकते.

तुमच्याकडे वीज हेस्कॉम या कर्नाटकच्या कंपनीची. तिच्या घरगुती जोडणीला चोवीस तास एकच दर आहे. तुम्ही महिन्याची बेरीज सांभाळा. गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत वीज योजनेत घरासाठी ठरलेल्या हद्दीवरच्या युनिटांचे पैसे लागतात आणि महिन्याला 200 युनिट ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. 15 लिटरचा गिझर पाणी 35 अंशांनी तापवायला सुमारे 0.6 युनिट घेतो. दिवसाला एक टाकी कमी तापवली तर महिन्याला 18 युनिट वाचतात. 210 वर जाणाऱ्या घराला एवढं पुरेसं आहे.

प्रश्न : मोटरला टायमर लावला, तरी ती भलत्याच वेळी चालू होते. असं का?
– एक वाचक, शिनोळी

उत्तर : तबकडीचा टायमर असणार. लाइट गेली की त्याची तबकडी थांबते; दोन तास वीज नसली की तो दोन तास मागे. तीनची मोटर पाचला सुरू झाली तर सूट गेलीच. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. मोटर थेट त्यावर जोडू नका. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्याने टायमरचे पॉइंट चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. टायमरने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा स्विच, चालवावा; मोटर कॉन्टॅक्टरवर. वरच्या टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा स्विच, हवा; खालच्या टाकीतही हवा. नळाला पाणी आलं नसेल त्या दिवशी मोटर कोरडी फिरून सील जळतं. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.