वाचकांचे प्रश्न : जुने बिझनेस जेट घेण्यापूर्वी

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. दिल्ली आणि चेन्नईच्या ग्राहकांकडे वारंवार जावे लागत असल्याने आम्ही तीन कंपन्यांनी मिळून एक वापरलेले, मध्यम आकाराचे जेट घेण्याचे मनात आणले आहे. २००४ साली बनलेले आणि भारतातच नोंदणी असलेले एक हॉकर ८००एक्सपी पाहण्यात आले. उड्डाणाचे तास फार कमी असल्याने व्यवहार फायद्याचा आहे, असे दलाल सांगतात. टोकन देण्यापूर्वी काय पाहावे?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : दलालांनी जो गुण म्हणून सांगितला, तिथूनच चौकशी सुरू करावी. वीस वर्षे ओलांडलेल्या विमानाचे तास फारच कमी असतील, तर मधल्या काळात ते कुठे आणि किती महिने उभे होते, हे आधी विचारावे लागते. कारण न उडणाऱ्या विमानाची सीले सुकतात, इंधनटाकीत पाणी साचून बुरशी धरते आणि समुद्रकाठी पावसाळे उघड्यावर काढले असतील तर पत्र्याच्या जोडांत गंज शिरतो. शिवाय अनेक तपासण्या तासांवर नव्हे, तर महिन्यांवर ठरलेल्या असतात. विमान उडो वा न उडो, त्यांचा खर्च चुकत नाही.

खरी मेख इंजिनांत आहे. या विमानाला हनीवेलची टीएफई ७३१ जातीची दोन इंजिने असून त्यांची मोठी तपासणी २,१०० तासांना आणि गाभ्याची तपासणी ४,२०० तासांना येते. ही दुसरी तपासणी तोंडावर आली असेल, तर वाचलेले पैसे तिथेच जातात. इंजिने एमएसपीसारख्या (हनीवेलची देखभाल योजना) तासागणिक वर्गणीच्या योजनेत आहेत का, वर्गणी थकलेली नाही ना आणि योजना नव्या मालकाच्या नावे होईल का, हे योजना चालवणाऱ्या कंपनीकडूनच लेखी घ्यावे. खरेदीपूर्व तपासणी आजवर त्या विमानाची देखभाल न केलेल्या कार्यशाळेत करावी आणि इंजिनात बोरोस्कोप (आतले पाहण्याची नळीसारखी दुर्बीण) घालून पात्यांचे फोटो मागावेत. लॉगबुके, म्हणजे उड्डाण आणि देखभालीच्या नोंदवह्या, पहिल्या दिवसापासून सलग असावीत. ठरावीक आयुष्याच्या भागाची नोंद हरवली, की तो कितीही ठणठणीत दिसला तरी कागदोपत्री बाद ठरतो.

हॉकर विमाने बनवणारी हॉकर बीचक्राफ्ट कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, म्हणून अनेकजण बिचकतात. ती भीती अनाठायी आहे. हा व्यवसाय पुढे टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि सुटे भाग आजही मिळतात.

उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूर विमानतळाचा विचार मात्र बारकाईने करावा. धावपट्टी १,९३० मीटरची आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. माहितीपत्रकात पूर्ण वजनासह उड्डाणाला सुमारे १,५३० मीटर लागतात असे छापलेले असते. पण तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा असतो, तर आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर जातो आणि विरळ हवेत हे अंतर बरेच वाढते. दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,३५० किलोमीटर असल्याने टाक्या पूर्ण भरण्याची गरज नाही, हे आपल्या पथ्यावर पडते. तरीही एप्रिलचे उड्डाण आणि जुलैमधील ओल्या धावपट्टीवरील उतरणे, हे दोन्ही हिशेब वैमानिकाकडून विमानाच्या अधिकृत पुस्तिकेवरून मांडून घ्यावेत.

तीन कंपन्यांच्या भागीदारीचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. खासगी वर्गात नोंदलेल्या विमानातून भाडे घेऊन कोणालाही नेता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित (ठरावीक वेळापत्रक नसलेल्या) सेवेचा परवाना लागतो. एका कंपनीच्या नावे विमान घेऊन इतरांकडून फेरीमागे पैसे घेणार असाल, तर ते भाडेच ठरू शकते. मालकीची रचना आधी विमान व्यवहारातील वकिलाकडून ठरवून घ्यावी. त्याच वकिलाकडून विमान आणि इंजिने यांवर बँकेचा बोजा नाही ना, याचा शोध येथील नोंदणीत आणि विमानांवरील हक्क आणि बोजांसंबंधीच्या केपटाउन करारान्वये चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत घ्यावा. इंजिनांची नोंद तिथे स्वतंत्र असते, हे बरेच खरेदीदार विसरतात.

टोकन विक्रेत्याच्या खात्यात न भरता एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे असणाऱ्या खात्यात) ठेवावे आणि तपासणीत दोष निघाल्यास ते पूर्ण परत मिळेल, असे कलम करारात घालावे. विक्रेता या कलमाला तयार नसेल, तर दुसरे विमान पाहावे.