लॉस एंजेलिसमध्ये गाइडसह सहल घ्यावी की स्वतः फिरावे?

आईवडिलांना घेऊन तीन दिवसांसाठी लॉस एंजेलिसला जाणार आहात, तिथे गाडी चालवण्याची इच्छा नाही, तेव्हा गाइडसह शहरदर्शनाची सहल घ्यावी की आपले आपण फिरावे, असे आपण विचारले आहे. मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि भारतातून आलेल्या नातेवाइकांना हे शहर दाखवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून माझे मत असे की, सहल जरूर घ्यावी, मात्र 'एका दिवसात संपूर्ण लॉस एंजेलिस' अशी जाहिरात असलेली घेऊ नये.

याचे कारण शहराच्या विस्तारात आहे. नुसत्या लॉस एंजेलिस शहराचे क्षेत्रफळ सुमारे 1,200 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या किमान दुप्पट आहे. शिवाय पर्यटक ज्या बेव्हर्ली हिल्स, सँटा मोनिका किंवा बरबँकची नावे घेतात, ती कायद्याने स्वतंत्र शहरे आहेत आणि एकमेकांपासून बरीच दूर आहेत. हे सगळे एका दिवसात बसवणाऱ्या बसचा बराचसा वेळ फ्रीवेवरच्या वाहतूक कोंडीत जातो, प्रत्येक ठिकाणी फोटोपुरते थांबता येते आणि ज्येष्ठ मंडळी चढण्या-उतरण्यानेच दमून जातात. त्यामुळे एका दिवशी एकच भाग घ्यावा आणि जिथे गाइडशिवाय आत जाता येत नाही किंवा पाहिलेले कळत नाही, तिथेच गाइडसाठी पैसे मोजावेत.

असे पहिले ठिकाण म्हणजे चालू स्थितीतला चित्रपट स्टुडिओ. युनिव्हर्सलची ट्राम-सहल 1964 पासून प्रसिद्ध आहे, परंतु ती मोठ्या थीम पार्कचा भाग असल्याने तिच्यासाठी पूर्ण दिवस, गर्दी आणि भरपूर चालणे गृहीत धरावे लागते. आईवडिलांसाठी मी बरबँकमधील वॉर्नर ब्रदर्स किंवा हॉलीवूडमधील पॅरामाउंट सुचवेन. तिथे छोट्या गटाला गाडीतून फिरवतात आणि मधूनमधून उतरवून समजावून सांगतात. पॅरामाउंटच्या आवारात एक वाहनतळ आहे, ज्याच्या एका कडेला आकाश रंगवलेली प्रचंड भिंत उभी आहे. चित्रीकरणाची गरज पडली की गाड्या हलवून त्या खोलगट जागेत पाणी भरतात आणि तिथे समुद्र तयार होतो. जवळच न्यूयॉर्कच्या गल्ल्या आहेत. तिथल्या विटांच्या भिंतीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि दार उघडून पाहिले तर मागे घर नसतेच. पडद्यावर आयुष्यभर पाहिलेली गोष्ट कशी उभी राहते, हे आईवडिलांना इथे जितके स्पष्ट दिसेल तितके दुसरीकडे कुठेही दिसणार नाही. स्टुडिओसाठी शक्यतो कामाचा वार निवडावा. त्या दिवशी आवारात खरी लगबग असते. एखाद्या स्टेजबाहेरचा लाल दिवा लागलेला असेल, तर आत चित्रीकरण सुरू आहे असे समजावे.

गाइडचा उपयोग होणारा दुसरा भाग म्हणजे जुने डाउनटाउन. लॉस एंजेलिस कॉन्झर्व्हन्सी ही वारसा जतन करणारी संस्था तिथे पायी सहली घेते. ब्रॉडवेवर मूकपटांच्या काळापासूनची डझनभर चित्रपटगृहे एकाच रस्त्यावर ओळीने उभी आहेत. बाहेरून काही दुकानांसारखी दिसणारी ही चित्रपटगृहे कोणत्या वैभवाने बांधली गेली, हे जाणकाराने सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. जवळच 1893 सालची ब्रॅडबरी बिल्डिंग आहे. बाहेरून ती साधीच वाटते, पण आत काचेच्या छतातून उतरणारा उजेड, लोखंडी नक्षीचे कठडे आणि उघड्या पिंजऱ्यांच्या लिफ्ट पाहून माणूस थबकतो. मला स्वतःला हा भाग हॉलीवूडपेक्षाही अधिक प्रिय आहे.

चित्रपट ताऱ्यांची घरे दाखवणाऱ्या, उघड्या टपाच्या गाड्यांवर मात्र पैसे खर्च करू नयेत, असे मी स्पष्टच सांगेन. उंच कुंपणे आणि बंद फाटके यांखेरीज तिथे फारसे काही दिसत नाही, आणि कोणाच्या घरासमोर असे जमा होणे मला योग्यही वाटत नाही.

हॉलीवूड बुलेव्हार्ड आपले आपण पाहता येते. मेट्रोची बी लाइन तिथेच उतरवते. पदपथावरील कलावंतांच्या नावांचे तारे, 1927 सालच्या चायनीज थिएटरच्या अंगणातील हातापायांचे ठसे आणि ऑस्करचे डॉल्बी थिएटर हे सारे दोन तासांत होते. ग्रिफिथ वेधशाळेत प्रवेश विनामूल्य असून व्हरमाँट/सनसेट स्थानकावरून तिथे बस जाते. सोमवारी मात्र वेधशाळा बंद असते. तिच्या गच्चीवरून डोंगरावरील 'हॉलीवूड' ही अक्षरे नीट दिसतात. 1923 मध्ये ती घरांच्या भूखंडांची जाहिरात म्हणून उभारली गेली आणि तेव्हा ती 'हॉलीवूडलँड' अशी होती.

वेळ उरला तर हॉलीवूड बोल या संगीताच्या खुल्या रंगमंचासमोरचे छोटे संग्रहालयही पाहावे. तो मुळात एक तबेला. हॉलीवूडमध्ये चित्रित झालेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे काम तिथून चालले आणि तो 1914 मध्ये प्रदर्शित झाला. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत पडद्यावर आला होता. हे तिथले गाइड सहसा सांगत नाहीत, म्हणून आईवडिलांना आपणच आवर्जून सांगावे.

तिकिटे आधीच ऑनलाइन काढावीत. नोंदणी करतानाच सहलीत चालणे किती आहे, मध्ये बसायला जागा मिळते का आणि चाकाची खुर्ची मिळू शकते का, हे लेखी विचारून घ्यावे. खासगी सहलीत गाइडला साधारण 15 ते 20 टक्के टिप देण्याची पद्धत आहे, ती रक्कम खर्चात आधीच धरावी. सँटा मोनिकाचा समुद्रकिनारा शेवटच्या दिवशी ठेवावा. डाउनटाउनमधून मेट्रोची ई लाइन थेट तिथे जाते आणि त्यासाठी कोणत्याही सहलीची गरज नाही.