लिहिणाऱ्या मुलीला शाबासकी नको, वाचक हवा

आपला प्रश्न असा आहे: ‘माझ्या वर्गातली चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी कादंबरी लिहिते आहे. तिच्या दोन वह्या भरल्या आहेत. तिला प्रोत्साहन कसे द्यावे आणि ती कादंबरी प्रकाशित व्हावी म्हणून काय करावे?’

हा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण चौदाव्या वर्षी मीही अशाच दोन वह्या भरल्या होत्या आणि माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. मधल्या सत्तावीस वर्षांपैकी निदान दहा वर्षे तरी मला मिळालेल्या प्रोत्साहनामुळेच वाया गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी दुसरी वही आमच्या भाषेच्या बाईंना वाचायला दिली होती. नवव्या प्रकरणातला एक परिच्छेद मनासारखा उतरला नव्हता, म्हणून वही देण्याच्या आदल्या रात्री मी तो नव्याने लिहिला आणि कागदाची ती पट्टी जुन्या मजकुरावर डिंकाने चिकटवली. डिंक जास्त झाला आणि वही मिटल्यावर समोरासमोरची दोन पाने एकमेकांना चिकटून बसली. हे माझ्या लक्षात आले ते वही परत मिळाल्यावर. पंधरा दिवसांनी बाईंनी ती हातात ठेवली. शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले होते, ‘फार सुंदर! अशीच लिहीत राहा.’ त्या आनंदात घरी येऊन मी वही पहिल्या पानापासून चाळू लागले आणि नवव्या प्रकरणापाशी थांबले. दोन्ही पाने जशीच्या तशी चिकटलेली होती. माझ्या गोष्टीतला थोरला भाऊ त्याच दोन पानांत घर सोडून जातो आणि पुढची सगळी कादंबरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घराची आहे. ती पाने गाळून पुढे गेलेल्या कोणालाही ‘हा मुलगा गेला कुठे?’ एवढे तरी विचारावेसे वाटायला हवे होते. बाईंनी काहीच विचारले नाही.

त्यानंतर मी लिहिणे सोडले नाही, पण दाखवणे सोडले. दाखवायचेच नाही म्हटल्यावर पुनर्लेखन कोणासाठी करायचे? त्यामुळे माझ्याकडे वर्षानुवर्षे पहिले खर्डे साठत गेले आणि त्यांतला एकही पुस्तकापर्यंत पोहोचण्याच्या लायकीचा नव्हता. माझ्या ताईचे म्हणणे आजही असे आहे की त्या लाल ओळीनेच मला लेखिका केले, आणि वही न वाचताही कोणी कौतुक केले असेल तर त्यात मुलाचे नुकसान काहीच नाही. या मुद्द्यावर आमचे अनेकदा वाजले आहे. नुकसान होते, असे मी तिला दर वेळी सांगत आले आहे. आपले लिहिणे कोणी वाचत नाही, फक्त त्याला बरे म्हणतात, हे मुलाला एकदा कळले की पुढची खरी दादही त्याला खोटी वाटू लागते.

छत्तिसाव्या वर्षी मी धीर करून एक बाड चार प्रकाशकांकडे पाठवले. दोघांकडून उत्तर आले नाही, तिसऱ्याकडून ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी आली. चौथ्या ठिकाणच्या संपादकांनीही बाड परतच केले, पण सोबत चार पानांचे पत्र होते आणि समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. त्यांनी लिहिले होते की पहिली साठ पाने ही लेखिकेने स्वतःची केलेली तयारी आहे आणि कादंबरी एकसष्टाव्या पानावर सुरू होते. आणखी एके ठिकाणी समासात फक्त प्रश्न होता: ‘आई पत्र फाडते, पण ती ते आधी वाचते का?’ मी त्या आईबरोबर चार वर्षे घालवली होती आणि मला याचे उत्तर माहीत नव्हते. ते शोधताना कादंबरीचा सगळा उत्तरार्ध बदलला. ‘सुंदर’ हा शब्द त्या चार पानांत कुठेही नव्हता, तरी मला आयुष्यात मिळालेले सर्वांत मोठे प्रोत्साहन ते होते. आणखी तीन खर्डे आणि पाच वर्षे गेल्यावर त्यांनीच ती कादंबरी छापली.

माझा अनुभव एकटीचा म्हणून बाजूला ठेवावा असे कोणाला वाटेल, म्हणून इंग्रज कादंबरीकार विल्यम गोल्डिंग यांचे उदाहरण देते. ते शाळेत शिक्षक होते. त्यांचे बाड अनेक प्रकाशकांकडून परत येत १९५३ मध्ये लंडनच्या फेबर अँड फेबर या संस्थेत पोहोचले, तेव्हा तिथल्या पहिल्या वाचक व्यक्तीने ते कंटाळवाणे आणि निरर्थक ठरवले. नाकारलेल्या बाडांतून ते पुन्हा उचलले चार्ल्स माँटीथ या नवख्या संपादकाने. त्याने ते नीट वाचले, अणुयुद्धाचे वर्णन करणारा आरंभ काढायला लावला आणि १९५४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ प्रकाशित झाली. गोल्डिंग यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माँटीथने त्यांची नुसती पाठ थोपटली असती, तर ते पुस्तक आज आहे तसे झाले नसते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे आणि तिथून जगभर पसरलेली पद्धतही हीच आहे: सगळ्यांनी मजकूर आधी वाचून यायचा, त्यावर बोलायचे आणि तोवर लेखकाने गप्प राहून ऐकायचे. लेखन शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, परंतु लिहिलेले कसे वाचावे हे निश्चित शिकवता येते.

तेव्हा तिची वही पेन्सिल हातात घेऊन वाचा. शुद्धलेखनाच्या चुका आत्ता मुळीच दाखवू नका, कारण लाल खुणांनी भरलेले पान मुलाला उत्तरपत्रिकेसारखे दिसते. जिथे आपण खरोखर अडलात तिथे प्रश्न लिहा आणि जिथे वाचताना थांबावेसे वाटले ते वाक्य अधोरेखित करा. पाच प्रश्न पुरेत.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात सांगते. कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय नवोदिताने कोणाकडेही पाठवू नये. बहुतेक प्रकाशक आधी कथासार आणि सुरुवातीची दोन-तीन प्रकरणेच मागतात, म्हणून पाठवण्यापूर्वी त्यांचे नियम वाचावेत. उत्तराला महिने लागतात आणि न आलेले उत्तर हाही नकारच समजावा. छपाईचा खर्च लेखकाकडून मागणाऱ्यापासून दूर राहावे, विशेषतः तो बाड न वाचताच होकार देत असेल तर. करारावर सही करण्यापूर्वी स्वामित्वहक्क कोणाकडे राहतो हे पाहावे, आणि मुलगी अल्पवयीन असल्याने तो करार पालकांना घेऊनच करावा लागेल. हे सगळे मात्र पुढचे आहे. चौदाव्या वर्षी पुस्तक निघालेच पाहिजे, ही घाई बहुधा मोठ्यांची असते.

एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली कादंबरी १९६७ मध्ये, ती अठरा वर्षांची असताना प्रकाशित झाली आणि गाजली, त्यामुळे असे घडतच नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या बाईंच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्यांच्याकडे तपासायला दर आठवड्याला वह्यांचे गठ्ठे असत आणि माझी वही त्या सगळ्यांपलीकडची होती. ‘वेळ मिळाला नाही, दहाच पाने वाचली’ असे त्या म्हणाल्या असत्या, तर मी ती दहा पाने घरी जाऊन पुन्हा लिहिली असती. ताईलाही मी हेच सांगते आणि ती अजून ऐकत नाही.

एक सांगायचे राहिले. आपल्या विद्यार्थिनीने वही स्वतःहून दिली आहे की आपल्याला ती नुसती दिसली आहे, हे प्रश्नातून कळत नाही. दिलेली नसेल तर मागू नका. आपण वाचायला तयार आहात एवढे तिला एकदा सांगा आणि ती आणून देईपर्यंत थांबा.